‘येशू’ वाचता येतो, ‘ख्रिस्त’ अडतो

(कापणीच्या सणानिमित्त झालेल्या उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर, आपल्या पाड्यांवरील सायंवर्गांच्या शिक्षिकेने मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वर्गांच्या कामाविषयी थोडे बोला, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले. वह्या किती वाटल्या, पाट्या किती लागल्या, हा हिशेब खजिनदारांनी आपल्यापुढे ठेवलाच आहे. म्हणून मी आज एकाच लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे जोडाक्षर. हा विषय दुसरीच्या वर्गाचा, मंडळीपुढे कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपण देणगी देता, प्रार्थना करता, ती नेमकी कुठे कामी येते हे सांगायचे तर मला जोडाक्षरापासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्या हातातले गीतांचे पुस्तक किंवा पवित्र शास्त्र उघडा आणि पाड्यावरच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. ‘येशू’ हे नाव ते मूल अक्षर-ओळख झाली की लवकरच वाचते. य ला मात्रा, श ला दुसरा उकार, झाले. ‘देव’ वाचते, ‘बाप’ वाचते, ‘भाकर’, ‘पाणी’, ‘मेंढरू’ सगळे वाचते. पण पुढचाच शब्द ‘ख्रिस्त’ आला की बोट थांबते. कोणी ‘खरिसत’ म्हणतो, कोणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ‘प्रभू’, ‘प्रार्थना’, ‘पवित्र’, ‘आत्मा’, ‘विश्वास’, ‘क्षमा’, ‘क्रूस’, ‘शास्त्र’ हे आपल्या विश्वासाचे मोठे शब्द, आणि सगळे जोडाक्षरांचे. चार शुभवर्तमानांपैकी ‘लूक’ आणि ‘योहान’ ही नावे मूल वाचते. ‘मत्तय’ आणि ‘मार्क’ वाचू शकत नाही. म्हणजे निम्मे दार उघडे आणि निम्मे बंद.

ही मुले कोण, ते थोडक्यात सांगते. आपले वर्ग जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतल्या पाड्यांवर आहेत. 2014 साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा पालघर जिल्हा. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी ही मुले आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारने विशेष असुरक्षित म्हणून गणल्या आहेत. त्यांतली कातकरी आपल्या अगदी जवळची. वर्गात येणाऱ्या मुलाचा धर्म आम्ही विचारत नाही. पाटी घेऊन बसेल ते मूल आपले.

या मुलांना शाळा नाही असे नाही. शाळा आहे, शिक्षक आहेत, पुस्तके मोफत मिळतात. मग अडते कुठे? वर्षाचा क्रम पाहा, म्हणजे कळेल. शाळा जूनमध्ये उघडते. पावसाळ्यात आवणी, मग निंदणी, मग भाताची कापणी, या काळात आईबाप पाड्यावर असतात आणि मूल जमेल तसे शाळेत जाते. तेव्हा शाळेत मुळाक्षरे चाललेली असतात, मग काना-मात्रा-वेलांट्या. दिवाळी येते. दिवाळीनंतर भाताचे काम संपले की घरातले धान्य किती दिवस पुरणार, हा प्रश्न येतो. कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते, भिवंडीकडे, वसईकडे, वाड्याकडे. लहान मुले मागे कोणाजवळ ठेवणार? तीही जातात. आणि शाळेत दुसऱ्या सत्रात, साधारण त्याच महिन्यांत, जोडाक्षरांचे धडे येतात. कुटुंब परत येते ते पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये मूल पुन्हा वर्गात बसते, तेव्हा बारीकसारीक विसरलेले असते, म्हणून पुन्हा मुळाक्षरांपासून उजळणी.

मी एका मुलाला ओळखते. त्याने तीन पावसाळे तीनदा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. बाराखडी त्याला झोपेतही म्हणता यायची. पण ‘रस्ता’ हा शब्द त्याने कधी पुस्तकात वाचला नव्हता. चौथ्या वर्षी तो आलाच नाही. आता तो भट्टीवर पूर्ण कामाला आहे. शिक्षकांच्या हजेरीत तो शिकलेला, आणि एसटीची पाटी वाचता येत नाही म्हणून स्वतःच्या मनात अडाणी. आमच्या भागातली एसटीची पाटी काय सांगते? ‘डहाणू’, ‘वाडा’, ‘तलासरी’, ‘मोखाडा’ ही नावे सरळ आहेत. ‘जव्हार’ला जोडाक्षर, ‘विक्रमगड’ला जोडाक्षर, आणि ‘त्र्यंबकेश्वर’ तर पहिल्याच अक्षरात तीन व्यंजने घेऊन उभे. स्वतःच्या गावाला जाणारी गाडी ओळखण्यासाठी जोडाक्षर लागते.

आता हे अक्षर जड का जाते? पहिले कारण डोळ्याचे नाही, जिभेचे आहे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बोलण्यात दोन व्यंजने एकत्र आली की जीभ मध्ये एक स्वर सरकवते. प्रकाशाचा ‘परकास’ होतो, धर्माचा ‘धरम’ होतो, जन्माचा ‘जलम’ होतो. हे आदिवासींचेच नाही. आपल्या आजी-आजोबांचे बोलणे आठवून पाहा. जे मूल घरी ‘परकास’ ऐकते आणि म्हणते, ते लिहिताना प-र-का-स असेच लिहिणार. त्याचा कान खरा आहे. त्याने ऐकले तसे प्रामाणिकपणे लिहिले आहे.

इथे मला शास्ते यांच्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाची आठवण होते. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक उभे राहिले आणि पळून येणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणायला लावला. एफ्राइमाच्या माणसांना ‘श’ म्हणता येत नव्हता, ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत. आणि तेवढ्यावरून त्यांना मारून टाकले. एका अक्षराच्या उच्चारावरून माणसाचा जीव घेतला, ही पवित्र शास्त्रातील मोठी दुःखाची गोष्ट आहे. आज आपण तलवार उपसत नाही. पण मूल ‘परभू’ म्हणाले की पुढच्या बाकावर कोणीतरी हसते. ते हसू त्या मुलाला उतारावरच अडवते. म्हणून आमच्या वर्गातला पहिला नियम असा, की उच्चाराला हसायचे नाही. फळ्यावर दोन रकाने काढतो. एकावर ‘घरी’, दुसऱ्यावर ‘पुस्तकात’. घरी ‘धरम’, पुस्तकात ‘धर्म’. घरी ‘जलम’, पुस्तकात ‘जन्म’. दोन्ही रकाने फळ्यावर राहतात. घरचा रकाना पुसला जात नाही. मुले स्वतः शब्द आणून भरतात, आणि कोणत्या दारातून आत जायचे तर कोणती चप्पल घालायची हे त्यांना आपोआप कळते.

मग शिकवतो कसे? आधी कानाने, मग हाताने, शेवटी डोळ्याने. ‘रस्ता’ म्हणा आणि टाळ्या वाजवा. रस्, ता. दोन टाळ्या. पहिल्या टाळीच्या शेवटी जिभेवर काय राहिले? स. पण पूर्ण स नाही, ‘स्’. मुलांना हे फार आवडते. ‘पक्का’ म्हणताना पहिल्या टाळीला क जिभेवर अडकतो, दुसऱ्या टाळीला सुटतो. ‘हाक’ आणि ‘हक्क’, ‘मका’ आणि ‘मक्का’, ‘कला’ आणि ‘कल्ला’ अशा जोड्या आम्ही एकामागून एक म्हणतो. मुले डोळे मिटून ऐकतात आणि जोड ऐकू आली की हात वर करतात. हे आठ-दहा दिवस. तोपर्यंत पाटीवर एकही जोडाक्षर नाही.

दुसरे, मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या शब्दांपासून सुरू करतो. ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘म्हैस’, ‘कोल्हा’, ‘उन्हाळा’ हे शब्द कोणत्याही बोलीच्या मुलाला जड जात नाहीत. मग घरातल्या वस्तू एकाच्या अनेक करायच्या. एक टोपली, दोन टोपल्या. एक पिशवी, दोन पिशव्या. पणती, पणत्या. चटणी, चटण्या. बघा, मुलाने काही नवीन शिकण्याआधीच चार जोडाक्षरे त्याच्या तोंडातून निघाली. आपण फक्त एवढेच सांगायचे की बाळा, हे तू म्हणालास, आता हे असे दिसते.

दिसते कसे, यालाही नियम आहे, आणि तो सांगितला तर मुलाला पाठ करण्याचे ओझे राहत नाही. ग, त, न, प, म, ल, व, श, स अशा ज्या अक्षरांच्या शेवटी उभी रेघ असते, ती अक्षरे पुढच्याला जोडताना आपली रेघ सोडून देतात. क आणि फ यांची रेघ मध्ये असते. ते आपले शेपूट आखडून घेतात, म्हणून ‘मुक्ती’, ‘हफ्ता’. ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ यांना शेवटी रेघच नाही, सोडणार काय? म्हणून त्यांचा पाय मोडतात, किंवा पुढचे अक्षर त्यांना चिकटून बसते. म्हणूनच ‘विद्या’ हा शब्द एका पुस्तकात एका तऱ्हेने छापलेला दिसतो आणि दुसऱ्यात ‘विद्‌या’ असा पाय मोडून. मूल गोंधळते. त्याला दोन्ही रूपे शेजारी ठेवून दाखवली की गोंधळ जातो.

आम्ही जाड कागदाची अक्षरे कापतो आणि उभी रेघ वेगळी कापून ठेवतो. मूल स घेते, रेघ काढते, त चिकटवते. हाताला कळते की ‘स्त’ हे नवीन अक्षर नाही, ओळखीची दोनच आहेत. भट्टीवर कागद टिकत नाही. तिथे ओल्या मातीची अक्षरे करतो. गवंडी कोपरा सांधताना मुद्दाम अर्धी वीट घेतो, हे त्या मुलांनी पाहिलेले असते. अर्धे अक्षर म्हणजे फुटके अक्षर नव्हे, सांध्यासाठी घेतलेली अर्धी वीट आहे, असे सांगितले की पुढे काही सांगावे लागत नाही.

सगळ्यात अवघड र. हा एकटा चार वेश घेतो. मुलांनीच त्याचे चार ठिकाणे ठरवली आहेत. र आधी आला तर पुढच्याच्या डोक्यावर बसतो, जसे ‘मार्क’, ‘अर्ज’, ‘कर्ज’. र मागून आला तर आधीच्याच्या पायाशी बसतो, जसे ‘प्रभू’, ‘क्रूस’. ट आणि ड यांच्याखाली तो खोपट बांधून राहतो, जसे ‘ट्रक’, ‘राष्ट्र’. आणि चौथा, आपल्या मराठीचा खास, आडव्या विळ्यासारखा, जसे ‘भाकऱ्या’, ‘बकऱ्या’. या चौथ्याचे महत्त्व आमच्याच जिल्ह्यात चांगले समजते. जव्हारला ‘दऱ्या’ आहेत आणि डहाणूला ‘दर्या’ आहे. विळा की रफार, एवढ्यावर डोंगराचा समुद्र होतो.

रफारात मुले नेहमी एक गोष्ट करतात. ‘धर्म’ म्हणताना र ध नंतर लगेच ऐकू येतो, म्हणून ध च्याच डोक्यावर देतात. ‘ख्रिस्त’ लिहितानाही तसेच. वेलांटी आधी काढायची, पण तिचा आवाज र च्या नंतर यायचा. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम वेगळा. हे ज्याला आपोआप येते त्याला त्यातला कष्ट दिसत नाही. म्हणून श्रुतलेखनात आम्ही शब्द आधी टाळीवर फोडतो आणि मगच लिहू देतो. ‘कृपा’ आणि ‘क्रूस’ हे दोन शब्द तर शेजारीच शिकवतो. कारण ‘कृ’मध्ये जोडाक्षर नाही, तिथे ऋ हा स्वर आहे, ‘क्रू’मध्ये आहे. मुले ‘क्रुपा’ लिहितात, कारण कानाला तसेच लागते. एका मुलीने मला विचारले होते, “बाई, कृपा सोपी आणि क्रूस अवघड का?” मी तिला व्याकरणाचे उत्तर दिले. दुसरे उत्तर पाळकसाहेबांकडे आहे.

बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्ट सांगते. हे सगळे कशासाठी?

भट्टीवरच्या मजुराला हंगामाच्या आधी उचल मिळते. हंगामात दर आठवड्याला घरखर्चासाठी पैसे मिळतात, त्याला ‘खर्ची’ म्हणतात. हंगाम संपला की किती विटा पाडल्या, त्याचे किती झाले, त्यातून उचल आणि खर्ची किती वजा, असा हिशेब होतो. हिशेबाची वही मुकादमाकडे. त्या वहीतले शब्द पाहा. ‘उचल’, ‘जमा’, ‘बाकी’ हे सरळ शब्द. ‘खर्ची’, ‘रक्कम’, ‘हप्ता’, ‘व्याज’, ‘शिल्लक’ ही सगळी जोडाक्षरे. ज्या शब्दांत पैसा कापला जातो, नेमके तेच शब्द आपल्या मुलाला वाचता येत नाहीत.

मागच्या हंगामात आमच्या वर्गातली एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची, आईबापांबरोबर एका भट्टीवर होती. तिथे आमच्या ताई आठवड्यातून दोनदा जात. माती, टाळ्या, टोपल्या-पिशव्या असे करत करत ती फेब्रुवारीपर्यंत रफारावर आली होती. हंगामाच्या शेवटी बाप हिशेबाला बसला, ती त्याच्याजवळ उभी होती. मुकादम वाचत होता आणि ती वहीकडे बघत होती. एका ओळीवर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, या आठवड्याला खर्ची लिहिलीय. तेव्हा तर आपण आजीच्या दिवसांना गावी गेलो होतो.” बापाला आठवले. त्या आठवड्यात कोणी भट्टीवर नव्हते, पैसे घेतलेच नव्हते. मुकादमाने वही पाहिली, घाईत लिहिले गेले असेल म्हणाला, आणि ओळ खोडली. आठशे रुपये होते.

मी ही गोष्ट वाढवून सांगत नाही. आठशे रुपयांनी त्या घराची उचल फिटली नाही. यंदाही ते कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जाणार आहे. एका रफाराने गरिबी जात नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट घडली. वही वाचणारा एकच माणूस होता, तिथे दोन झाले. त्या मुलीचा बाप मला म्हणाला, “आता वही माझ्यासमोर उघडतात.” एवढेच म्हणाला.

पाड्यावर असतानाही तेच. ‘जातप्रमाणपत्र’, ‘अर्ज’, ‘स्वाक्षरी’, ‘स्वस्त धान्य दुकान’. जंगलातल्या कसत्या जमिनीचा हक्क देणारा 2006 सालचा कायदा आहे. त्याचे मराठी नावच ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी’ असे सुरू होते, आणि दावा ज्याच्यासाठी करायचा तो शब्द ‘हक्क’. वेठबिगार बंद करणारा कायदा 1976 चा. कायदे आहेत. ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्या मुलांना त्यातला ‘हक्क’ हा शब्द वाचता यावा, एवढेच आपण या वर्गांत करतो. ‘हाक’ आणि ‘हक्क’ या जोडीवर आम्ही उगाच टाळ्या वाजवत नाही.

हे काम नवे नाही, आणि आपण पहिले नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून पवित्र शास्त्राचे भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले. साध्या, न शिकलेल्या बायकांना कळेल अशी सोपी मराठी असावी हा त्यांचा आग्रह होता. 1922 साली देवाघरी जाण्याआधी त्यांनी ते पुरे केले. ते छापण्याचे कामही मुक्ति मिशनच्या छापखान्यात बायकांनीच केले. ज्या हातांना समाजाने अक्षर दिले नव्हते, त्या हातांनी शास्त्राची अक्षरे जुळवली. आणि आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण द्यायचे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. बोर्डी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मुले कुरणात होती तेव्हा शाळा कुरणात गेली. आज मुले भट्टीवर आहेत, तर वर्गही भट्टीवर गेला पाहिजे, एवढा साधा तो धडा आहे.

नहेम्याच्या पुस्तकात आपण वाचतो की एज्राने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले तेव्हा लेवी लोक गर्दीत फिरून अर्थ समजावून सांगत होते, आणि लोकांना समजले म्हणून तो आनंदाचा दिवस झाला. वाचणारा एक होता. पण समजावणारे पुष्कळ होते आणि ते गर्दीत उतरले होते. मंडळीकडे मला ते दुसरे काम मागायचे आहे.

पहिली विनंती निवृत्त शिक्षकांना. जानेवारी ते एप्रिल, शनिवारी दुपारी, भट्टीवर दोन तास. जोडाक्षरांची तयारी आम्ही करून देऊ. उन्हाची टोपी आपली आणा.

दुसरी, घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका आणि दिनदर्शिकांचे पुठ्ठे टाकू नका. महिला मंडळाकडे जमा करा. त्यातून अक्षरे कापली जातात. एका पत्रिकेत स, त, प, र एवढी अक्षरे सहज निघतात.

तिसरी, भट्टीवर जाणाऱ्या ताईंचे मानधन आणि प्रवासखर्च. पाड्यावरच्या वर्गाला वर्षभराची मदत आपण देतच आहात. पण नोव्हेंबर ते मे हे महिने सर्वांत महागाचे आणि सर्वांत गरजेचे असतात. तेव्हाच जोडाक्षर शिकवायचे असते. जी देणगी जूनमध्ये पाटीसाठी देता, तिच्यातला काही भाग या महिन्यांसाठी राखून ठेवा.

चौथी विनंती शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना. पाड्यावरून एखादे मूल तुमच्या वर्गात आले आणि ‘परभू’ म्हणाले, तर इतर मुलांना हसू देऊ नका. त्याला टाळीवर म्हणायला लावा. प्र-भू. दोन टाळ्या. एक-दोन रविवारांत येईल.

आणि शाळेतल्या शिक्षकांशी आमचे भांडण नाही, हेही सांगते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, काही ठिकाणी हंगामी वसतिगृहे आहेत. जिथे ते चालते तिथे आम्ही मुलाला तिकडेच पाठवतो आणि आपला वर्ग दुसऱ्या भट्टीवर नेतो. आपले काम शाळेची जागा घेण्याचे नाही. शाळा आणि मूल यांच्यामध्ये जे पाच-सहा महिने रिकामे पडतात, ते भरण्याचे आहे.

शेवटी प्रार्थनेचा विषय. दिवाळी आता जवळ आली आहे. पाड्यावर बायका गाठोडी बांधायला लागतील. यंदा आमच्या वर्गातली काही मुले ‘टोपल्या-पिशव्या’पर्यंत आली आहेत, काही रफारावर, एक-दोन जण विळ्यावर. कोणते मूल कोणत्या भट्टीवर जाणार याची यादी आम्ही करत आहोत. ती यादी पूर्ण व्हावी, कोणाचा पत्ता हरवू नये, आणि प्रत्येक भट्टीवर जायला एक माणूस मिळावा, म्हणून आपण प्रार्थना करावी. त्या यादीतल्या नावांपुढे जायला तयार असलेल्यांची नावे लिहायची आहेत. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.